जेट स्कीच्या पाइपचं तापमान मोजायला काय घ्यावं: इन्फ्रारेड गन, साधा मीटर की लॉगर?

टू-स्ट्रोक यामाहा सुपरजेटवर पाण्याचे स्क्रू असलेला रेसिंग पाइप चढवला की काम अर्धंच होतं. उरलेलं अर्धं काम म्हणजे त्या स्क्रूंमधून चेंबरमध्ये, म्हणजे पाइपच्या फुगीर भागात, किती पाणी सोडायचं हे ठरवणं, आणि ते कानाने ठरत नाही. त्यासाठी बाजारात मिळणारी तीन प्रकारची साधनं इथे तपासली आहेत: बंदुकीच्या आकाराचा इन्फ्रारेड थर्मोमीटर, टीएम-९०२सी हा के-टाइप थर्मोकपलचा (दोन धातूंच्या तारांच्या जोडातून तापमान मोजणाऱ्या प्रोबचा) स्वस्त मीटर, आणि मॅक्स ६६७५ चिपवर घरी जोडलेला दोन चॅनेलचा लॉगर, म्हणजे आकडे आपोआप नोंदवत जाणारं यंत्र. निकाल आधीच सांगतो. किनाऱ्यावर सगळ्यात जास्त दिसते ती गन, आणि या कामात सगळ्यात जास्त फसवते तीही गनच. पैसे लॉगरवर घाला.

आधी हे का मोजायचं ते. टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट पाइप दाबाच्या लहरीवर चालतो. पोर्टमधून निघालेली लहर चेंबरच्या उलट्या शंकूवर आपटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. ती नेमकी पोर्ट मिटण्याआधी पोचली तर ताकद मिळते. लहरीचा वेग वायूच्या निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाच्या वर्गमुळावर ठरतो. वायू ४०० अंश सेल्सिअसवरून ५०० वर गेला तर वेग साधारण ७ टक्के वाढतो, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला ६५०० फेऱ्यांवर लागणारा पाइप ७००० च्या आसपास लागू लागतो. लोखंडाला हात न लावता पाइप आखूड किंवा लांब केल्यासारखं आहे हे. पाणी जास्त सोडलं तर पाइप थंड, लहर सुस्त, खालच्या फेऱ्यांवर ओढ चांगली. पाणी कमी केलं तर वरच्या फेऱ्या मोकळ्या होतात आणि खालची ओढ जाते.

स्क्रू इतका नाजूक का असतो? एक किलो पाण्याची वाफ व्हायला २२५७ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणून पाव फेरासुद्धा जाणवतो. त्यात आणखी एक अडचण आहे. या स्कीचं थंड करायचं पाणी जेट पंपाच्या दाबाच्या बाजूनेच येतं. थ्रॉटल पूर्ण उघडला की पंपाचा दाब वाढतो आणि पाणीही वाढतं, म्हणजे वरच्या फेऱ्यांसाठी पाणी कमी हवं असतं नेमकं तेव्हाच ते जास्त येतं. त्यामुळे इंजिनच्या एका वेगावर बरोबर बसलेला स्क्रू दुसऱ्या वेगावर चुकीचा ठरतो, आणि एकाच आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. आलेख लागतो.

इन्फ्रारेड गन

स्वस्त गनमध्ये एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग उष्णता किती फेकतो त्याचं प्रमाण, ०.९५ वर पक्की केलेली असते. काळा रंग, लाकूड, रबर यांना ती जुळते. चकचकीत अॅल्युमिनियमची एमिसिव्हिटी मात्र ०.१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. अशा पाइपचा पृष्ठभाग खरोखर २०० अंशांवर असला तरी गनच्या पडद्यावर साठ-सत्तर अंश दिसतील, कारण गन पाइपची उष्णता कमी आणि आजूबाजूच्या हलचं (स्कीच्या पोकळ अंगाचं) प्रतिबिंब जास्त वाचत असते. ‘पाइप थंडच आहे, पाणी अजून बंद कर’ असा सल्ला अशा आकड्यावर दिला जातो आणि पाइपमागचा रबरी जोड, म्हणजे कपलर, जळतो.

फ्लूक ६२ मॅक्ससारख्या गनमध्ये एमिसिव्हिटी ०.१० ते १.०० अशी बदलता येते, ती ५०० अंशांपर्यंत वाचते आणि आयपी५४ असल्यामुळे शिंतोडे सोसते. यंत्र म्हणून उत्तमच. तरी एमिसिव्हिटी ०.१ वर ठेवून चकचकीत धातू वाचायच्या फंदात पडू नका. तिथे ०.०२ ची चूकसुद्धा आकडा कितीतरी हलवते. त्यापेक्षा पाइपवर सायलेन्सरला मारतात तो हीट-प्रूफ मॅट काळा रंग रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा ठिपका पडेल इतका मारा, वाळू द्या आणि ०.९५ वरच वाचा. १२:१ गुणोत्तराची (अंतर : गोलाचा व्यास) गन ३० सेंटिमीटरवरून अडीच सेंटिमीटरचा गोल वाचते. हूड उघडून वाकून १५ सेंटिमीटरवर धरली तर गोल सव्वा सेंटिमीटरचा होतो आणि ठिपक्यात नीट बसतो. लाल लेसरचा बिंदू म्हणजे मोजायची जागा नव्हे. जवळून धरल्यावर तो मोजल्या जाणाऱ्या गोलापासून थोडा सरकलेला असतो.

रंगाच्या ठिपक्यावर गन खरं बोलते, पण उशिरा बोलते. पूर्ण थ्रॉटल सोडून, स्की थांबवून, हूडचा पट्टा काढून गन धरेपर्यंत आतल्या पाण्याने पाइप निवलेला असतो किंवा हेड पाइपची (पाइपच्या सिलिंडरकडच्या पहिल्या तुकड्याची) धग पुढे सरकलेली असते. पाण्यात उभं राहून हे करणं तर जवळजवळ अशक्यच. गन ठेवायची असेल तर दोन्ही सिलिंडरच्या हेडचं तापमान शेजारी शेजारी पाहायला ठेवा. तिथे फरक पाहायचा असतो आणि ते काम ती चोख करते.

फुकटचा जुना उपाय म्हणजे चेंबरवर पाण्याचे थेंब उडवणं. घावणे घालायच्या आधी बिड्यावर पाणी शिंपडतात तोच हिशेब इथे चालतो. थेंब नुसता पसरून राहिला तर धातू शंभराच्या खाली, चर्र करून उडाला तर शंभर आणि साधारण १९० च्या मधे, गोळी होऊन नाचायला लागला तर दोनशेच्या जवळपास किंवा वर. ढोबळ असलं तरी हे गनइतकं खोटं नाही.

टीएम-९०२सी

एक चॅनेल, ९ व्होल्टची बॅटरी, एक अंशाचं वाचन, किंमत हजाराच्या आत. मीटर १३०० अंशांपर्यंत दाखवतो, पण सोबत येणाऱ्या मण्याच्या प्रोबचं वेष्टण तेवढं सोसत नाही, त्यामुळे ती प्रोब शिकण्यापुरतीच. पडद्यावरचा आकडा पटकन बदलतो, बटणं कमी, बिघडायला फारसं काही नाही. मोठी उणीव म्हणजे रेकॉर्डिंग नाही, आणि स्टँड-अपवर, म्हणजे उभं राहून चालवायच्या अशा स्कीवर, हँडल पोल धरून उभं असताना खाली वाकून आकडा वाचणारा माणूस पाण्यात पडणारच.

तरीही हा मीटर जवळ असावा, लॉगर तपासण्यासाठी. बर्फाच्या पाण्यात ० आणि उकळत्या पाण्यात १०० अंश आले पाहिजेत. किनाऱ्यावर हे सोपं आहे, कारण समुद्रसपाटीला पाणी खरोखर १०० अंशांवरच उकळतं. महाबळेश्वरला तेच पाणी ९५-९६ लाच उकळी घेईल आणि चांगला मीटर चुकीचा वाटेल. दोन-तीन अंशांचा फरक चालवून घ्या, दहाचा असेल तर प्रोब बदला.

मॅक्स ६६७५ लॉगर

दोन मॅक्स ६६७५ मॉड्यूल, एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), नोंदी साठवायला एक मायक्रो एसडी मॉड्यूल आणि स्वतःची वेगळी बॅटरी. ही चिप ० ते १०२४ अंश वाचते, पायरी ०.२५ अंशाची. एका वाचनाला तिला ०.२२ सेकंदापर्यंत लागतात. प्रोग्रॅममध्ये त्याहून घाईने वाचन मागितलं तर रूपांतर दर वेळी अर्धवट तुटतं आणि आकडा गोठल्यासारखा एकाच जागी राहतो. मॉड्यूल खराब म्हणून परत पाठवण्याआधी हे तपासा. अर्ध्या सेकंदाला एक नोंद पाइपसाठी भरपूर झाली.

जोडणीत तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, प्रोबची तार कमी पडली म्हणून मधे साधी तांब्याची वायर जोडणं. थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानातला फरक सांगतो. हलच्या आत जोड ५० अंशांवर आणि मॉड्यूल ३० अंशांवर असेल तर वाचन सरळ २० अंशांनी कमी येईल. वाढवायची तर के-टाइपचीच एक्स्टेन्शन वायर घ्या. दुसरी, उलटी जोडणी. अमेरिकन रंगसंगतीत पिवळी धन आणि लाल ऋण असते, लाल म्हणजे धन या सवयीने इथे घात होतो. युरोपीय संगतीत हिरवी धन, पांढरी ऋण. रंग ओळखू येत नसेल तर तारेला चुंबक लावा: जी ओढली जाते ती अॅल्युमेलची, म्हणजे ऋण. उलटं जोडलेलं असेल तर पाइप तापेल तसा आकडा उतरतो. तिसरी, ठिणगीचा त्रास. प्लगच्या वायरशेजारून प्रोबची तार नेली तर वाचन उड्या मारतं. तारा पिळून, प्लगच्या वायरपासून लांबून न्या आणि प्लग रेझिस्टर असलेलाच वापरा. लॉगरची बॅटरी स्कीच्या बॅटरीशी जोडू नका.

चिप स्वतःच्या जागेचं तापमान धरून हिशेब करते, म्हणून डबा पाइपला खेटून ठेवायचा नाही. हलच्या पुढच्या टोकाला, फोममध्ये गुंडाळलेला, रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पुडी, तार बाहेर येते तिथे सिलिकॉन सीलंट, एवढी तयारी पुरते. खाऱ्या हवेत प्रोबच्या जोडणीचे काटे लवकर गंजतात, त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा.

प्रोब कुठे आणि कशी

मण्याची नको, वायसरवाली घ्या, म्हणजे ज्या प्रोबच्या टोकाला तांब्याचं किंवा स्टीलचं कडं असतं ती. ड्रिल करायचं नाही. हेड पाइपला पाण्याचं जॅकेट असतं, तिथे भोक पाडलं तर पाणी सिलिंडरकडे जाईल. स्टेनलेसच्या जुबली क्लिपखाली कडं दाबून बसवा. खाली कॅप्टॉन (Kapton) टेपचा एक थर द्या, म्हणजे दोन प्रोब इंजिनच्या धातूतून एकमेकींशी विजेने जोडल्या जात नाहीत. ही टेप सुमारे २६० अंश सोसते. वर सिरॅमिक वूलचा तुकडा ठेवून दुसरी क्लिप आवळा, नाहीतर हलमध्ये उडणाऱ्या पाण्याचा एक फवारा आलेखात खड्डा पाडतो.

जागा दोन. पहिली चेंबरच्या पुढच्या शंकूवर, पाणी आत येतं त्या जागेपासून चार बोटं पुढे. दुसरी स्टिंगरच्या, म्हणजे चेंबरमागच्या अरुंद नळीच्या शेवटी, वॉटर बॉक्सकडे (पाण्याच्या सायलेन्सरकडे) जाणाऱ्या रबरी कपलरच्या जरा अलीकडे. पहिली ट्यूनिंग सांगते, दुसरी धोका. पृष्ठभागाचा आकडा म्हणजे आतल्या वायूचं तापमान नव्हे, ती फक्त खूण आहे. म्हणून दुसऱ्याच्या पाइपवरचा आकडा आपल्या पाइपवर लागू करू नका. धातू, जाडी, प्रोबची जागा, सगळं वेगळं असतं.

चाचणी आणि आलेख वाचणं

कार्ब्युरेटर आधी, पाइप नंतर. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) असेल तरी पाइप तापतो, आणि पाणी वाढवून तो थंड केला तर खरा आजार झाकला जातो. पिस्टन त्यानंतर जातो. डिटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट, सुरू झालं तर उष्णता पिस्टन आणि हेडमध्ये जाते, एक्झॉस्टचं तापमान उलट उतरतं, म्हणजे पाइपचा आलेख अगदी समाधानकारक दिसत असतानाच इंजिन मरत असतं. हेडवर तिसरी प्रोब लावता आली तर जरूर लावा. शिवाय एप्रिलच्या ३५ अंशांच्या दुपारी हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण ७ टक्के विरळ असते, त्यामुळे थंड देशातल्या तक्त्यावरून घेतलेले कार्ब्युरेटरचे जेट इथे थोडे घट्ट (पेट्रोल जास्त असलेलं) मिश्रण देतील. चाचणीपुरतं ते सुरक्षित बाजूला आहे.

जागा खाडीतली निवडा: तारकर्ली-देवबागची कर्ली, रेवदंड्याची कुंडलिका, दाभोळची वाशिष्ठी. सकाळचा मतलई (जमिनीकडचा) वारा असताना, खारा (समुद्राकडचा) वारा सुटायच्या आधी, भरतीच्या वरच्या टप्प्यात. ओहोटीला वाळूचे पट्टे वर येतात आणि पंप रेती ओढतो. मच्छीमारांची जाळी कुठे आहेत ते धक्क्यावर विचारून घ्या. पर्यटकांच्या गर्दीत पूर्ण थ्रॉटलच्या फेऱ्या मारायच्याच नाहीत. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, तेवढा काळ पाइप उघडून साफ करायला वापरा.

सगळे स्क्रू हलक्या हाताने बसेपर्यंत आत फिरवा, जोर लावला तर सीट खराब होते. तिथून पाइप बनवणाऱ्याने सांगितलेले फेरे मोजत बाहेर काढा आणि डोक्यावर पेंट मार्करने रेघ मारा. दोन-तीन मिनिटं इंजिन तापू द्या. मग अर्धा थ्रॉटल दहा सेकंद, सोडा, पूर्ण थ्रॉटल दहा सेकंद, सोडा. तेच अंतर उलट दिशेने, म्हणजे प्रवाहाचा फरक कटतो. एका वेळी एकच स्क्रू, अष्टमांश फेरा, पुन्हा दोन्ही दिशा. इंजिनच्या फेऱ्या मोजायला प्लगच्या वायरला गुंडाळायचा इंडक्टिव्ह टॅकोमीटर चालतो. इंजिनच्या एका फेरीला किती ठिणग्या हे त्यात बरोबर भरा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा येतो.

आलेखात १०० अंशांची रेघ ठळक काढा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं. भिंत आतून ओली असेल तोवर आकडा शंभरच्या फार वर जात नाही. चेंबरची रेघ पूर्ण थ्रॉटललाही शंभराला चिकटून बसली आणि इंजिन वरच्या फेऱ्यांना गुदमरल्यासारखं करत असेल तर पाणी जास्त आहे. चेंबर झपाट्याने चढून सहा-सात सेकंदांत सपाट झाला, फेऱ्या स्थिर, आणि स्टिंगर शंभराच्या खालीच राहिला तर ती जागा वहीत लिहून ठेवा. चेंबर दहा सेकंद संपले तरी चढतोच आहे आणि स्टिंगरही शंभर ओलांडतोय, तर लगेच थ्रॉटल सोडा. सिलिकॉनचा कपलर सुमारे १८० अंशांपर्यंतच टिकतो, त्यापुढे वॉटर बॉक्स आहे, आणि हे सगळं पेट्रोलच्या टाकीशेजारी बंद हलमध्ये चाललेलं असतं. करवतीसारखी दातेरी रेघ आली तर स्क्रूला हात लावू नका. दोन्ही प्रोब एकदम उसळत असतील तर पाण्याची वाट अडली आहे किंवा पंप हवा ओढतोय, एकच उसळत असेल तर ती प्रोब सैल आहे.

धक्क्याला दोर बांधून पूर्ण थ्रॉटल देणं धोक्याचं आहे, दोर तुटतो. आणि होज लावून जमिनीवर ट्यूनिंग होतच नाही, कारण पंपावर भार नसतो, पाइप खऱ्या तापमानाला पोचत नाही आणि नळाच्या दाबाचा पंपाच्या दाबाशी संबंध नसतो. होज फक्त धुण्यासाठी, आणि क्रम कायम तोच: आधी इंजिन चालू, मग पाणी, थांबवताना आधी पाणी बंद, दोन-तीनदा थ्रॉटल देऊन पाइपातलं पाणी बाहेर, मग इंजिन बंद. उलटं केलं तर पाणी पाइप भरून सिलिंडरमध्ये उतरतं.

आपला समुद्र कोमट, म्हणून परदेशी सेटिंग इथे चालत नाही, असं बरेच फिटर सांगतात. हिशेब वेगळं सांगतो. १५ अंशांच्या पाण्याऐवजी ३० अंशांचं पाणी घेतलं तर प्रत्येक किलोमागे उष्णता शोषण्यात अडीच टक्क्यांचासुद्धा फरक पडत नाही, कारण बहुतेक उष्णता वाफ होण्यातच जाते. सेटिंग बिघडवतं ते मीठ. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तापलेल्या स्क्रूच्या बारीक भोकाशी पाणी आटलं की तिथे पांढरी कडक खरवड बसते, भोक अरुंद होतं, आणि स्क्रूला कुणी हात न लावता पाइप हळूहळू कोरडा होत जातो. लॉगरची खरी किंमत इथे कळते: तीच जागा, स्क्रूचे तेच फेरे, पण चेंबरची रेघ मागच्या महिन्यापेक्षा वर. दर वापरानंतर गोड्या पाण्याने धुवा. महिन्यातून एकदा फेरे मोजून स्क्रू काढा, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, भोकातून हवा मारा आणि तेवढ्याच फेऱ्यांवर परत बसवा. व्हिनेगरमध्ये फक्त स्क्रू, अॅल्युमिनियमचा हेड पाइप नव्हे. नागाव किंवा काशीदसारख्या वाळूच्या किनाऱ्यावरून स्की उतरवत असाल तर पाण्याच्या नळीत उघडता येणारी जाळी बसवाच. वाळूचा एक कण अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त बदल करतो.

खरेदी करताना वायसरवाल्या प्रोब चार घ्या, दोन लावायला आणि दोन ठेवायला. कंपनाने त्या कड्याच्या मानेपाशीच तुटतात. तार सुटली की लॉगर ती नोंद सोडून देतो किंवा भलताच आकडा लिहितो, तेव्हा फाइलमध्ये पाइप एका क्षणात दोनशे अंशांनी निवलेला दिसला तर आधी कड्याची मान पाहा.